काळा लेपा

तो पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की आधी टोपली दिसली, मग टोपली धरलेले हात, आणि बऱ्याच वेळानं चेहरा.

"मापवाल्या बाई कुठे बसतात?" चेहऱ्यानं विचारलं.

"तुमच्या नाकासमोर."

"तुम्ही?... मला वाटलं, कुणीतरी पिकल्या केसांची, खेकसणारी असेल."

"खेकसायला अजून वेळ आहे. मासे ठेवा."

त्यानं टोपली ओट्यावर ठेवली, तीही अशी, की जणू ओट्याला लागेल. होडीवाले त्याला 'सावकाश' म्हणायचे. होडी ढकलायची असो, चहा प्यायचा असो की नुसतं 'हो' म्हणायचं असो, या माणसाला घाई म्हणून माहीत नव्हती.

माझ्यासमोर मापाची फळी होती. एका टोकाला लाकडी अडसर, दुसरीकडे लाल रेघ. माशाचं तोंड अडसराला टेकवायचं. शेपटी रेघेला लागली तर मासा विकायला मोकळा, नाही लागली तर परत पाण्यात. त्याचा पहिलाच लेपा रेघेच्या दोन बोटं अलीकडे थांबला.

"परत," मी म्हटलं.

"जरा ताणून बघा ना."

"मासा आहे, रबर नाही."

"पाण्यात होता तेव्हा लांब होता हो. तुम्हाला बघून आक्रसला."

मी हसू दातांखाली धरलं. "मग तुम्ही कसे नाही आक्रसलात?"

"मी आतून आक्रसलोय... दिसत नाही, एवढंच."

एवढं बोलून तो धुक्यात गेला. पुढच्या तीन माशांची मापं मी दोनदा घेतली.

थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या होडीवाल्यांच्या जाळ्यात दोन वर्षं नुसती पिल्लंच येत होती. पोरंबाळं खाऊन टाकली तर उद्या मोठं कोण होणार, हे कळायला शाळा लागत नाही. म्हणून सगळ्यांनी बसून दोन ठराव केले. एक मापाचा. दुसरा पाळण्याचा. धक्क्यापासून वल्ह्याच्या दहा मिनिटांवर समुद्राच्या तळाशी काळपट गवत आहे. मासे तिथे अंडी घालतात, पिल्लं तिथेच वाढतात, म्हणून त्या जागेला 'पाळणा' म्हणतात. ठरलं, की हंगामभर पाळण्यात कुणी जाळं टाकायचं नाही. टाकलं तर होडीच्या नाकाला लाल फडकं, सभा होईपर्यंत होडी बंद, आणि दोष सिद्ध झाला तर उरलेला हंगाम होडी किनाऱ्यावर. ठराव मांडला तेव्हा जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. पहिला हात वर गेला तो सावकाशचा.

मोजायला माणूस हवा होता आणि मी शिक्षण संपवून घरात आत्याचं डोकं खात बसले होते. आत्यानंच मला पुढे ढकललं. ती ओट्यामागे जाळी विणायला बसायची. तिच्या सुईपेक्षा जीभ धारदार.

"तुझा तो सावकाश," महिनाभरानं ती म्हणाली, "रांगेत सगळ्यांना पुढे सोडतो. शेवटी येतो. का गं?"

"माझा कुठला? आणि मला काय माहीत?"

"हो बाई, तुला काय माहीत. तू तर तो येईपर्यंत तीनदा केस बांधतेस."

खरं होतं. तो शेवटी यायचा म्हणजे मागे कुणी ताटकळत नसायचं. एकेक मासा मोजायला आम्हाला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात दुसऱ्याची अख्खी होडी रिकामी झाली असती. एकदा तो म्हणाला, "'अहो मापवाल्या बाई' म्हणेपर्यंत मासा शिळा होतो. 'तू' म्हटलं तर चालेल?"

"म्हणून बघ," मी म्हटलं. त्यालाही 'तू' म्हटलं गेलं होतं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

मग भुरभुर पावसाच्या एका सकाळी त्याच्या टोपलीत सात बारके लेपे निघाले. मी ते धक्क्यावरून पाण्यात सोडले. सातही उलटे झाले. पांढरी पोटं वर, हलत नाहीत, डुलत नाहीत. तो दूर समुद्रातल्या वाळूच्या बांधावर जाळं टाकायचा, आणि बांध दोन तासांवर. तोवर टोपलीत जगणार कोण? होडीतच मोजावं तर एकटा माणूस जाळं ओढेल, होडी सांभाळेल, की फळी घेऊन बसेल?

"मेलेलं परत देऊन समुद्राला काय मिळतं?" मी म्हटलं. आवाज नको तसा निघाला.

तो पाण्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. पाऊस माझ्या नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता... त्याचा हात किंचित वर आला, आणि टोपलीच्या कडेवर परत जाऊन बसला.

त्या हाताचा विचार मी आठ दिवस केला. नवव्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या.

डॉक्टर म्हणजे माशांच्या. पाळण्यात किती पिल्लं वाढतात याची पाहणी करायला त्या शहरातून आल्या होत्या. वय माझ्याएवढंच. गुडघ्यापर्यंत पिवळे बूट, कानावर पेन्सिल. राहायला पाळण्याच्या काठावरची, खांबांवर उभी असलेली लाकडी खोली. बाई वाईट असती तर फार सोय झाली असती. पण ती चांगली होती. मला 'ताई' म्हणायची, आत्याला जाळं धरून द्यायची, नि हसायची अशी, की ऐकणाऱ्यालाही हसू यावं. मला यायचं नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि सावकाश तिच्याशी बोलायचा.

बोलायचा म्हणजे... ज्या माणसाच्या तोंडून एक धड वाक्य निघायला मला आठवडा लागला होता, तो तिच्याशी पंधरा मिनिटं बोलला. मी घड्याळात बघत होते. ती हातांनी गोल काहीतरी दाखवायची, तो मान हलवायचा, तो काहीतरी विचारायचा, ती वहीत लिहून पान फाडून द्यायची. पान! मला आजवर त्यानं एक चिठ्ठी दिली नव्हती, आणि हा दुसरीच्या वहीची पानं खिशात घालून फिरत होता.

मी जवळ गेले की दोघं गप्प.

"काय चाललंय?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही..." तो कानामागे खाजवत म्हणाला. "जमलं की सांगतो."

जमलं की! आता काय जमायचं राहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी कानावर पेन्सिल लावली. पहिल्याच माशावर वाकले तशी ती खवल्यांत पडली.

"सुतारकाम घेतलंस का?" मागून आत्या.

मी पेन्सिल धुतली नि गप्प बसले. पण डोळे गप्प बसेनात. तो किती वाजता येतो, कुठल्या बाजूनं येतो, शर्ट धुतलेला आहे का, धुतलेला असला तर कुणासाठी... सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. मी तर सूत नसतानाच वर जाऊन पोचले होते.

डॉक्टरीणबाई आठ दिवसांसाठी शहरात गेल्या, तेव्हा मी म्हटलं, चला, जरा श्वास घेऊ. त्याच सकाळी सावकाशनं टोपली ओट्यावर ठेवली. आतले लेपे जिवंत होते. तोंडं उघडत होते, मिटत होते. आणि रंगानं काळे. काळपट पाठ, त्यावर गडद ठिपके.

लेपा हा तळाला चिकटून राहणारा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. वाळूवरचा लेपा वाळूसारखा फिकट, गवतातला लेपा गवतासारखा काळपट. हे धक्क्यावर कुणीही सांगेल. पाठ बघितली की मासा कुठला ते कळतं, तिथे बोलायला नको.

"कुठून आणलेस?" मी विचारलं.

"बांधावरून," तो म्हणाला. आणि हसला. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. "बघ तरी, सगळे कसे—"

"बांध दोन तासांवर आहे. आणि हे अजून श्वास घेतायत?"

"हां! तेच तर—"

"आणि काळे कसे?"

तो माशांकडे बघत राहिला. त्याचं हसू हळूहळू उतरलं. "काळे... हो की. ते मला नाही माहीत."

माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत उभं राहिलं. काळे, म्हणजे गवतातले. जिवंत, म्हणजे दहा मिनिटांपूर्वीचे. गवत आणि दहा मिनिटं, म्हणजे पाळणा. पाळण्याच्या काठाला ती खोली. रोज तिथे जात असणार, बसत असणार, हसत असणार, आणि येता येता हात मारला असणार जाळ्यात. बाई नाही तर पहाराही नाही!

"ऐक तर," तो म्हणाला.

"सभेत सांग."

मी फळीखालचं लाल फडकं काढलं आणि त्याच्या होडीच्या नाकाला बांधलं. गाठ अशी मारली, की आत्याला शिकवावी. सगळा धक्का बघत होता. सावकाशनं ना फडक्याला हात लावला, ना मला थांबवलं. फक्त एवढंच बोलला, "पाळण्यात? मी?"

आणि गेला. पहिल्यांदाच भराभर चालत.

नियमाप्रमाणे दुसऱ्या सकाळी होडीतल्या वस्तूंची यादी मीच करायची होती. तोवर कुणी काही हलवायचं नाही. जाळं एक, वल्ही दोन, दोरी, नांगर... बसायच्या फळीखाली ओलं पोतं. पोतं उचललं, तर खाली अर्धं कापलेलं काळं प्लास्टिकचं पिंप. त्यात पाणी. नुकतंच कुणीतरी बदललेलं, ताजं. तळाला चार बारके लेपे, कालच्या टोपलीतले, त्यानंच मागाहून परत सोडलेले. चारही जिवंत. पिंपाच्या कडेला सायकलचा पंप, त्याला लांब रबरी नळी, नळीचं तोंड पाण्यात.

आणि झाकणाच्या आतून चिकटवलेलं वहीचं पान. वर डॉक्टरीणबाईंचं सुबक अक्षर: 'दर पाच मिनिटांनी हवा. पाणी गार. पोतं ओलं.' खाली त्याचं अक्षर, लाटेवर लिहिल्यासारखं वाकडं: 'आज दोन जगले. आज तीन. आज पाच. आज सगळे. उद्या तिला दाखवायचं.'

मी होडीच्या कडेवर बसले.

दोन तास. एका हातानं होडी हाकायची, दुसऱ्यानं सायकलचा पंप मारायचा. कशासाठी, तर माझ्या फळीवर बारका ठरलेला मासा जिवंत परत जावा. आणि मी काय केलं? गाठ मारली.

पण काळे का, ते कोडं राहिलंच. मी स्वतःशीच भांडले. पिंप खरं असेल, पण मासे पाळण्यातलेच असले तर? कातरलेल्या शेपटीचा एक लेपा नीट बघावा म्हणून मी त्याला पाण्यासकट पांढऱ्या घमेल्यात घेतलं आणि ओट्यावर आणून ठेवलं.

आत्यानं चहा पुढे केला. "तोंड का असं? फडकं बांधून झोप नाही लागली?"

"आत्या, तो तिच्याकडे जात नव्हता."

"कुणाकडे? डॉक्टरणीकडे? अगं, तिचं लग्न ठरलंय. सगळ्या धक्क्याला माहीत आहे."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुला सांगायला गेलं की तू 'मला काय करायचंय' म्हणून उठून जायचीस." तिनं सुईत दोरा ओवला. "कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, म्हणतात. तुला काळं दिसलं, एवढाच फरक."

"नाही गं, ते मासे खरंच काळे आहेत. हा बघ—"

मी घमेल्याकडे बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं.

घमेल्यात काळा मासा नव्हताच. तळाला एक फिकट, दुधाळ लेपा बसला होता. ठिपके पुसल्यासारखे. तोच मासा, तीच कातरलेली शेपूट. चहा अजून निम्मा व्हायचा होता.

मी धावत जाऊन दुसरा आणला. तोही उजळला. पहिला पिंपात सोडला, तर तो काळवंडला. तिसऱ्यांदा करून बघितलं तेव्हा आत्या हातातलं जाळं टाकून घमेल्यावर वाकली होती.

"अगं बया," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तळ जसा, तसा हा. आयुष्यभर मासे चिरले, पण जिवंत मासा बसून बघायला वेळ कधी मिळाला?"

आमच्या धक्क्यावर मासा यायचा तो मेलेला. त्याचा रंग जिथे मेला तिथला. म्हणून पाठीवरून गाव ओळखायचो, आणि कधी चुकलो नव्हतो. जिवंत मासा आणणारा हा पहिलाच माणूस, आणि त्याच्यावरच आम्ही चुकलो. आम्ही कसल्या... मी.

सभा चार दिवसांनी, दुपारी, जाळ्यांच्या शेडमध्ये भरली. मी एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात काळी बादली घेऊन गेले. अध्यक्षकाका स्वतः जुने होडीवाले, बोलायला सरळ.

"मापवाली, आरोप तुझा. बोल."

"आरोप मागे घेते, काका. माझी चूक झाली. पण नुसतं माझ्या सांगण्यावर जाऊ नका, बघा."

मासे बदलायला वेळ लागत होता. पन्नास माणसं घमेल्यात डोकं घालून बसली. कुणी म्हणालं, "माझ्या सासूला यात बसवा, उजळते का बघू." हसले सगळे. सावकाश खांबाला टेकून उभा होता, हाताची घडी, नजर जमिनीवर. मग कुणीतरी ओरडलं, "झाला! झाला!" आणि शेडमध्ये एकच गलका.

अध्यक्षकाकांनी हात वर केला. "हे तू त्याच दिवशी का नाही तपासलंस? होडी बघितली असतीस तर पिंप दिसलं असतं. तू तर मासा तीनदा मोजणारी पोरगी."

इथे मला काहीतरी सांगून सुटता आलं असतं. धुकं होतं, घाई होती. पण चार दिवस त्या माणसाची होडी वाळूवर पडून होती.

"मला... मत्सर वाटत होता," मी म्हटलं.

"कसला?"

"डॉक्टरीणबाईंचा. मला वाटलं, तो पाळण्याकडे त्यांना भेटायला जातो."

घमेल्यात घातलेली सगळी डोकी वर आली.

"गेला असता तरी," अध्यक्षकाका मिशीत बोलले, "तुला त्याचा काय त्रास?"

"झाला ना त्रास!"

मग जे हसणं उसळलं त्यात मी विरघळून जमिनीत गेले असते तर बरं. काकांनी टेबलावर थाप मारली. "ऐका! हसू नका. मुद्दा आहे. मापवालीनं घरच्या होडीचा मासा मोजायचा नाही, असं आपल्या कागदावर लिहिलंय. तसं काही असेल तर तिनं सांगायला हवं. आहे का काही तुमच्यात?"

मी सावकाशकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मग फडकं सोड, आणि मोजत राहा."

फडकं सोडायला गेले तर माझीच गाठ मला सुटेना. नखं दुखली. तो मागे येऊन उभा राहिला.

"तू मला खोटा समजलीस, ते चालेल," तो म्हणाला. "मत्सर वाटला, तेही..." थोडं थांबला. "तेही चालेल. पण पाळण्यात जाळं टाकेन असं वाटलं? त्या पिल्लांवर?"

"वाटलं," मी म्हटलं. "आणि त्याची लाज आयुष्यभर वाटेल. विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू 'हो' म्हणालास तर काय करू, ते माहीत नव्हतं."

त्यानं गाठीचा दुसरा पदर धरला. दोघांनी ओढल्यावर ती सुटली. बोटांना बोटं लागली... पण तो होडी ढकलून गेला.

मग आठ दिवस तो रोज आला. शेवटी नाही, रांगेत मध्येच. मासे ठेवायचा, मी मोजायची, बारके पिंपात जायचे नि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बांधावर परत. 'घे', 'झालं', 'हं'. एवढंच. डॉक्टरीणबाई परतल्या, त्यांना सगळं कळलं, पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, रंगाचं मी कधीच सांगितलं असतं, पण तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता!" पाहता पाहता आणखी चार होड्यांत काळी पिंपं आली. सगळं चांगलं चाललं होतं, आणि मला रडू येत होतं.

नवव्या दिवशी त्यानं टोपली ठेवली. मी पहिला लेपा उचलला, अडसराला टेकवला. शेपूट रेघेच्या केसभर अलीकडे होती. आणि माझा अंगठा... देवाशप्पथ सांगते, माझा अंगठा आपणहून तिला ओढायला लागला. याचा एक मासा तरी जाऊ दे, म्हणून.

मी दचकून मासा खाली ठेवला. सभेत मी पन्नास माणसांसमोर 'नाही' म्हटलं होतं. ते खोटं होतं.

"तुझी टोपली उचल," मी म्हटलं. "माझ्याकडे नको. आत्याकडे ने, ती मोजेल."

त्याचा चेहरा पडला. "आता काय केलं मी?"

"तू काही नाही केलंस. घरच्या होडीचा मासा मापवालीनं मोजायचा नाही, असा नियम आहे."

"पण माझी होडी कुठे तुझ्या घरची..." तो थांबला.

मी मान खाली घातली. फळी पुसत राहिले. कोरडी होती, तरी पुसत राहिले. तो उभाच. रांगेतला मागचा माणूस खोकला. त्याच्या मागचाही खोकला.

मग टोपली उचलल्याचा आवाज आला, आणि चार पावलांवरून त्याचा, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा:

"आत्या, जरा माझे मासे मोजता का? मापवाली माझ्या घरची आहे."

"कधीपासून?" आत्यानं सुई न थांबवता विचारलं.

"आत्तापासून," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघून, हळूच, "...चालेल ना?"

मी होकारार्थी मान हलवली, घाईघाईनं पुढच्या माणसाचा मासा ओढला नि फळीवर ठेवला. बराच वेळ मी रेघ शोधत होते.

"बाई," तो माणूस बिचारा शेवटी म्हणाला, "शेपटी अडसराला लावलीये तुम्ही. तोंड इकडे आहे."